निर्गुण बाजार, सगुण वखार

मनुष्याचा व्यवहार देहावाचून चालू शकेल काय, हा प्रश्न वेदान्ताच्या पाठशाळेत जितका जुना तितकाच व्यापाऱ्याच्या पेढीवर नवा आहे. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांत, जेव्हा इंटरनेट विद्यापीठांच्या आणि सरकारी प्रयोगशाळांच्या ताब्यातून सुटून प्रथमच वाण्या-व्यापाऱ्यांच्या हाती आले, तेव्हा जगातील पुष्कळ बुद्धिमान माणसांनी त्याला मोठ्या आत्मविश्वासाने होकारार्थी उत्तर देऊन टाकले. दुकान नको, वखार नको, गुमास्ता नको, दलाल नको. गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये जे जे जड म्हणून उभे आहे ते सारे गळून पडेल आणि मागे उरेल ती केवळ इच्छा व तिची तत्क्षणी होणारी पूर्ती, असा त्या उत्तराचा आशय होता. याला मी श्रद्धा म्हणतो आणि उपरोधाने म्हणत नाही. जडापासून सुटका हे ज्या कोणत्याही पंथाचे ध्येय असते त्या पंथाची सारी लक्षणे तिच्यात होती: दीक्षितांची स्वतंत्र परिभाषा, शंकेखोरांविषयीची अनुकंपा, आणि जुने जग लवकरच लयास जाणार आहे ही खात्री. त्या वर्षांचे व्यापारी धडे आजवर अनेकांनी लिहिले आहेत. खर्चाला आळा घाला, घाई करू नका, नफ्याकडे पाहा, असे त्यांचे साधारण स्वरूप असते आणि ते खोटेही नाहीत. परंतु जी चूक मुळात तत्त्वज्ञानाची होती तिचे परिमार्जन हिशेबाच्या उपदेशाने होत नाही, असे मला वाटते.

या प्रश्नाचा विचार कतारमधील बिरकत अल अवामेर येथे करणे सोयीचे आहे, कारण येथे लक्ष विचलित करणारे काही नाही. दोहा शहराच्या दक्षिणेस, अल वक्रा पालिकेच्या हद्दीत येणारा हा भाग कोणी पाहुण्याला दाखवावयास नेत नाही. सपाट वाळवंटी जमीन, तिच्यावर आखलेले सरळ रस्ते, पत्र्याच्या उंच वखारी, मालमोटारींच्या रांगा आणि कामगारांच्या वसाहती, एवढाच येथला देखावा. 'मनातिक' या सरकारी कंपनीने देशाच्या दक्षिण भागात माल साठविण्यासाठी ज्या चार वसाहती आखल्या त्यांपैकी एक येथे आहे, आणि हमद बंदरावर उतरणारा माल शहराकडे जाताना अशाच वसाहतींतून विसावा घेतो. दोह्यातील एखाद्या घरात रात्री जेवणानंतर फोनच्या काचेवर बोट टेकवून जी वस्तू मागविली जाते, ती मागविणाऱ्याच्या दृष्टीने जणू त्या काचेतूनच प्रकट होते; परंतु तिचा देह अशाच कोठल्या तरी वखारीत फळीवर पडलेला असतो, त्याला वजन असते, त्याला उष्म्याने इजा होते, आणि तो उचलावयास दुसरा एक देह लागतो.

आपल्याकडे या श्रद्धेचा प्रवेश झाला तो १५ ऑगस्ट १९९५ रोजी, जेव्हा विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. 'खुले' हे विशेषण थोडे औदार्याने वापरावे लागते, कारण खाजगी ग्राहकाला चांगल्या जोडणीसाठी २५० तासांचे १५,००० रुपये मोजावे लागत आणि एवढे मोजूनही टेलिफोनच्या तारेवरून जे काही येई ते गोगलगाईच्या गतीने येई. निगमाची ही मक्तेदारी पुढे १९९८ च्या नोव्हेंबरात संपली. गमतीची गोष्ट अशी की, मुंबईचे राजेश जैन यांनी 'इंडियावर्ल्ड' हे संकेतस्थळ निगमाच्याही आधी, १९९५ च्या मार्चमध्येच, सुरू केले होते. त्याचा मुख्य वाचकवर्ग देशात नव्हताच, तर घरच्या बातमीसाठी आसुसलेला परदेशस्थ भारतीय हा होता. बातमीला देह नसतो, किंवा अगदी नाममात्र असतो. म्हणून बातमीचा व्यापार या नव्या माध्यमात प्रथम यशस्वी व्हावा हे स्वाभाविक होते. त्याच सुमारास अजित बालकृष्णन यांचे 'रेडिफ' मुंबईतूनच उभे राहिले. इकडे कतारमध्ये १९९६ साली 'क्यू-टेल' या तेव्हाच्या एकमेव दूरसंचार कंपनीने ही सेवा सुरू केली.

त्या काळातील एक खटला तत्त्वजिज्ञासूने अवश्य वाचावा असा आहे. 'रेडिफ'च्या नावाशी एका अक्षराच्या फरकाने मिळतेजुळते 'रॅडिफ' असे नाव दुसऱ्या एका मंडळीने नोंदविले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १९९९ साली न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, संकेतस्थळाचे नाव हा केवळ पत्ता नसून ती एक मोलाची व्यापारी मालमत्ता आहे व तिला व्यापारचिन्हाप्रमाणेच संरक्षण मिळाले पाहिजे. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. पण त्यातून पेढीवरच्या माणसांनी जो अर्थ काढला तो मात्र न्यायालयाच्या मनात नव्हता: नामालाच जर मोल असेल, तर रूपाची यातायात कशासाठी करावी?

आणि नामाला मोल आले, ते कल्पनेपलीकडचे आले. १९९९ च्या नोव्हेंबरात 'सत्यम इन्फोवे' या कंपनीने, जी स्वतः आदल्याच महिन्यात अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली होती, 'इंडियावर्ल्ड' ४९९ कोटी रुपयांस घेण्याचा करार जाहीर केला. त्या उद्योगाचे वार्षिक उत्पन्न या रकमेच्या मानाने नगण्य होते. १० मार्च २००० रोजी नॅसडॅकचा निर्देशांक ५,०४८ वर पोहोचला. 'रेडिफ'ने त्या बाजारात पाऊल ठेवले ते त्यानंतर, जून २००० मध्ये, प्रत्येकी १२ डॉलरच्या भावाने, म्हणजे ओहोटी लागल्यावर. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच निर्देशांक १,११४ पर्यंत उतरला होता. पाऊण हिश्शाहून अधिक मोल विरले, आणि ते कोठे गेले असे विचारावे तर ते कोठे होते हाच प्रश्न उभा राहतो.

अशा प्रसंगी आपल्याकडे 'सारी माया' असे म्हणून सुस्कारा टाकण्याची सोयीस्कर रीत आहे. मला ती शंकराचार्यांवर अन्याय करणारी वाटते. मायावादाचा जो आचार्य समजला जातो त्यानेच ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावर भाष्य करताना, बाह्य वस्तू मुळी नाहीतच, केवळ विज्ञान आहे, असे म्हणणाऱ्या बौद्ध पक्षाची कठोर झडती घेतली आहे. जेवता जेवता, तृप्ती अनुभवीत असताना, मी जेवत नाही आणि तृप्तही होत नाही असे सांगणाऱ्या माणसाच्या बोलण्याला जी किंमत द्यावी तीच या पक्षाला द्यावी, असा त्या खंडनातील एका दृष्टान्ताचा भाव आहे. अद्वैताने सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या. पारमार्थिक सत्ता एकट्या ब्रह्माची. प्रातिभासिक सत्ता दोरीवर दिसणाऱ्या सापाची. आणि या दोहोंच्या मध्ये व्यावहारिक सत्ता, जिच्यात भूक, अन्न, कर्ज, वजन आणि अंतर ही सर्व आपापल्या जागी पूर्णपणे खरी असतात. पारमार्थिक दृष्टीने देह मिथ्या ठरला म्हणून व्यवहारात त्याला जेवू न घालण्याची सनद कोणाला मिळत नाही. त्या वर्षांतील उद्योजकाचा दोष असा की, तो पारमार्थिकाची भाषा बोलत, प्रातिभासिकाच्या आधारावर, व्यावहारिकात दुकान मांडून बसला.

तथापि येथे एक अडचण आहे आणि ती टाळणे बरे नव्हे. ज्यांनी वेळेवर समभाग विकले त्यांना मिळालेला पैसा भासमान नव्हता. त्यातून घरे बांधली गेली, मुलांची शिक्षणे झाली, नवे उद्योग निघाले. असत्यातून सत्य फळ कसे निघाले? आचार्यांना हीही शंका ठाऊक होती. साप चावल्याच्या नुसत्या शंकेने माणूस मरू शकतो, हे त्यांनी त्याच ग्रंथात नमूद केले आहे. म्हणजे भासाला सामर्थ्य असते. मात्र ते सामर्थ्य दोरीतून येत नाही, पाहणाऱ्याच्या भयातून येते. २००० सालच्या भावांचे सामर्थ्यही असेच गुंतवणूकदारांच्या इच्छेतून आले होते, आणि एकाला मिळालेला खरा पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी खऱ्या बचतीतून गेलेला होता.

देहाने सूड कसा घेतला हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील 'पेट्स डॉट कॉम'चे उदाहरण पुरेसे आहे. कुत्र्या-मांजरांचे खाद्य घरपोच देणारी ही कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये शेअरबाजारात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंद पडली. खाद्याची गोणी जड असते, तिच्या किमतीच्या मानाने तिची पाठवणी महाग पडते, आणि तोट्याने विकलेल्या गोण्यांची संख्या वाढल्याने तोटा कमी होत नाही, एवढेच तिला कळावयाचे होते. १९९९ च्या नाताळात अनेक ऑनलाइन दुकानांनी खेळणी व भेटवस्तू वेळेवर पोहोचविण्याची वचने दिली आणि ती मोडली. त्यापायी तेथील संघीय व्यापार आयोगाने जुलै २००० मध्ये सात विक्रेत्यांकडून एकूण १५ लक्ष डॉलर भरून घेतले. पण 'वेबव्हॅन'ची कथा निराळी आहे आणि माझ्या विवेचनाला सरळ अनुकूल नाही. किराणा घरपोच देणाऱ्या या कंपनीने देह नाकारला नव्हता. तिने तर जून १९९९ मध्ये काम सुरू करताच यांत्रिक वखारी उभारण्यासाठी बेक्टेल या बांधकाम कंपनीशी १०० कोटी डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. वखारी होत्या, गिऱ्हाईक त्यांना पुरेल इतके नव्हते. विचारान्ती मला वाटते की हीदेखील त्याच भ्रमाची दुसरी बाजू आहे: देह नाही असे मानणे आणि देह हवा तेव्हा, हवा तेवढा, मनाच्या हुकमाने उत्पन्न होतो असे मानणे, या दोन्हींत देहाच्या स्वतःच्या धर्माविषयी, म्हणजे त्याच्या वाढीच्या कालमानाविषयी, सारखेच अज्ञान आहे.

जी टिकली त्या 'ॲमेझॉन'नेही प्रारंभ निर्गुणातूनच केला होता. १९९५ च्या जुलैत सिॲटल येथे सुरू झालेल्या या दुकानाचा मूळ बेत जवळजवळ साठा न ठेवता, मागणी आल्यावर घाऊक विक्रेत्याकडून पुस्तक आणवून पुढे धाडण्याचा होता. प्रारंभीच्या दिवसांत सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून पुडकी बांधताना जेफ बेझोस यांनी गुडघ्यांना बांधावयास गाद्या आणाव्यात अशी सूचना केली, आणि शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने त्याऐवजी टेबले आणावीत असे सुचविले, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत ती विनोद म्हणून येते. मला तीत त्या कंपनीचे सगुणोपासनेकडे वळणे दिसते: गुडघा दुखतो ही बातमी मालकाच्या स्वतःच्या गुडघ्याकडून आली होती. १९९७ साली डेलावेअरमध्ये दुसरी वखार आली, १९९९ मध्ये आणखी मोठ्या आल्या, आणि पहिला तिमाही नफा, ५० लक्ष डॉलरचा, २००१ च्या अखेरीस दिसला. पुढे त्या वखारी इतक्या मोठ्या झाल्या की मालकाच्या गुडघ्याचा तेथील जमिनीशी संबंध उरला नाही. तो प्रश्न मी शेवटी घेणार आहे.

ज्या भूमीवर हे लिहीत आहे तेथील धर्मशास्त्राने या विषयावर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी जे म्हटले ते आपल्या वाचकांपुढे फारसे येत नाही. आपल्यापाशी नसलेला माल विकण्यास प्रेषित मुहंमद यांनी हकीम बिन हिजाम या व्यापाऱ्याला मनाई केल्याची हदीस प्रसिद्ध आहे. आणि अन्नधान्याच्या बाबतीत तर, विकत घेतलेले धान्य प्रत्यक्ष ताब्यात आल्यावाचून पुढे विकू नये, असा निर्बंध आहे. फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, यावरून ताबा म्हणजे 'कब्जा' या विषयावर मोठी मीमांसा रचली. ज्या सौद्यात वस्तूच्या अस्तित्वाविषयी वा प्राप्तीविषयी अंधार असतो त्याला त्यांनी 'गरर' ठरवून अग्राह्य मानले. हे शास्त्र आडमुठे मात्र नाही. खजुराच्या येत्या हंगामाचे पैसे आधी देण्याची मदिनेतील वहिवाट माप, वजन आणि मुदत निश्चित करण्याच्या अटीवर 'सलम' या नावाने कायम ठेवली गेली, आणि आधुनिक फकीहांनी नोंदीच्या रूपातील ताबाही काही मर्यादांत मान्य केला आहे. या शास्त्राला निर्गुण व्यवहाराची बंदी करावयाची नाही. निर्गुणाच्या मागे सगुण उभे आहे की नाही, याचा दाखला मात्र ते मागते. विक्रेत्याने आधी मालाचे ओझे स्वतःच्या अंगावर घ्यावे, त्याच्या नाशाची जोखीम सोसावी, आणि मगच नफ्याचा हक्क सांगावा, हा त्यामागील न्याय आहे, आणि १९९९ च्या नाताळातील सात विक्रेत्यांपैकी एकालाही तो अमान्य करता आला नसता.

ओझे कोणाच्या अंगावर, हा प्रश्न कतारला इंटरनेटने प्रथम विचारला नाही. तेल निघण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता, आणि आखातातील मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. रुपया तर येथे १९६६ पर्यंत चलनात होता. मोत्याचा भाव मुंबईच्या जव्हेऱ्यांच्या पेढीवर ठरे आणि पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, आखाताच्या तळाशी उतरे. हंगामापूर्वी नाखवा त्याला उचल देई, हंगामाअंती ती फिटत नसे, आणि बापाचे देणे पुष्कळदा मुलाच्या नावे चढे. जपानचे संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची मंदी या दोहोंनी मिळून तो बाजार कोसळविला, तेव्हा भाव पडला तो मुंबईत आणि पॅरिसमध्ये, उपासमार झाली ती आखाताच्या किनाऱ्यावर. ज्याने आयुष्यात आपल्या मोत्याचा विक्रीभाव ऐकला नव्हता त्याच्या देहावर त्या भावाची सारी उतरंड येऊन पडली.

बाजाराच्या देहाची ही विस्मृती राष्ट्रांनाही होते. ५ जून २०१७ रोजी शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली, सौदीकडील खुष्कीचा मार्ग बंद झाला, दुबईच्या जेबेल अली बंदरातून येणारा माल थांबला, आणि ज्या दुकानांतील फळ्या आपोआप भरतात असे वाटत होते त्या कोणत्या रस्त्याने भरत होत्या हे लोकांना प्रथमच उमगले. ओमानच्या बंदरांवरून माल वळविण्यात आला, गाई विमानांनी आणण्यात आल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हमद बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. वखारी आणि साठे यांविषयीचा या देशाचा आदर तेव्हापासून दुणावला.

आता शेवटला प्रश्न. निर्गुण बाजाराची कल्पना फसली असे आपण म्हणतो, पण आजचा ग्राहक तर तीच उपभोगीत आहे: त्याला दुकान दिसत नाही, वखार दिसत नाही, तोलणारा आणि उचलणारा दिसत नाही. मग फसले काय? फसली ती देह नाहीसा होईल ही अपेक्षा. साधले ते एवढेच की देह नजरेआड गेला. आपल्या परंपरेत व्यापाराच्या त्यागाचे एक थोर उदाहरण आहे. देहूचे तुकाराम महाराज वाण्याच्या, महाजनकीच्या घरात जन्मले; दुष्काळात दुकान बुडाले; आणि परंपरा सांगते की, भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतेपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. त्या कागदांत काय होते? दुसऱ्यांच्या श्रमावर असलेला आपला हक्क. ज्याला खरोखर निर्गुणाकडे जावयाचे होते त्याने प्रथम हा हक्क सोडला आणि स्वतःच्या देहाचे कष्ट मात्र सोडले नाहीत. नव्या बाजाराने नेमके उलट केले: हक्काची खतेपत्रे जपून ठेवली आणि कष्ट तेवढे दुसऱ्याच्या खाती वर्ग केले. अशा त्यागाला आपल्या शास्त्रात नाव नाही, आणि व्यवहारात जे नाव आहे ते या लेखात शोभणार नाही.

बिरकत अल अवामेरच्या वसाहतींत राहणारी माणसे बहुतेक भारत, नेपाळ, बांगलादेश या देशांतली आहेत. रत्नागिरी-रायगडकडून पिढ्यान्‌पिढ्या आखातात येणाऱ्यांना या जीवनाचे वर्णन नव्याने सांगावयास नको. कतारच्या कायद्याने अलीकडे या देहांची काही दखल घेतली आहे, हे न्यायबुद्धीने नोंदले पाहिजे. २०२१ पासून किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल ठरले असून मालकाने निवास व अन्न दिले नाही तर त्यांपोटी अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल द्यावे लागतात. आणि त्याच वर्षीच्या हुकमान्वये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम घेण्यास मनाई आहे, तसेच उष्णता व आर्द्रता यांचा संयुक्त निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की वेळ कोणतीही असो काम थांबवावे लागते. नियम पाळले किती जातात यावर मतभेद होऊ शकतात. पण देहाला एक मर्यादा आहे आणि व्यापाराने तिच्यापुढे थांबले पाहिजे, ही गोष्ट आकड्यासकट राजपत्रात आली, हे १९९५ च्या श्रद्धेपेक्षा पुढचे पाऊल आहे.

मुंबईत, पुण्यात किंवा येथे दोह्यात कोणी तरुण ऑनलाइन दुकानासाठी भांडवल मागावयास आला, तर ज्या वाचकांपाशी द्यावयास पैसे असतील त्यांना माझी एक विनंती आहे. त्याच्या नावाची आणि वाढीच्या आलेखाची चर्चा मागाहून करावी. प्रथम त्याच्याकडून वखारीचा जमाखर्च मागून घ्यावा. माल कोणाच्या ताब्यात राहील, वाटेत नासला तर कोणाच्या खाती पडेल, परत आलेला माल कोण उचलील, आणि जूनच्या दुपारी बारा वाजता तो पोहोचविणारा माणूस कोठे असेल, हे चार रकाने त्यात भरलेले असावेत. ते कोरे असतील तर पैसे देऊ नयेत.